गणकयंत्राची खोली आणि तिच्यातील हवा

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत महाराष्ट्रातील ज्या कोणत्या बँकेत, महाविद्यालयात, कारखान्यात किंवा सरकारी कचेरीत संगणकाचा प्रवेश झाला, तेथे त्याच्या आगमनापूर्वी त्याच्यासाठी स्वतंत्र खोली सिद्ध करावी लागे; आणि काचेचे दार, खिडक्यांवरील जाड पडदे, भिंतीत बसवलेले वातानुकूलन यंत्र व उंबऱ्याबाहेर पादत्राणे काढून ठेवण्याची सूचना ही लक्षणे त्या खोलीच्या ठायी इतक्या नियमाने आढळत, की त्या पिढीतील पुष्कळांना संगणक म्हटल्याबरोबर प्रत्यक्ष यंत्राच्या आधी तेथील गारवाच आठवतो. पुढच्या पिढीने या प्रथेची गणना भाबड्या समजुतींत केली. मला ते अन्यायाचे वाटते. या प्रथेतील प्रत्येक गोष्टीला एकेकाळी सबळ कारण होते, आणि त्या सर्व कारणांच्या मुळाशी एक भौतिक सत्य होते: गणकयंत्र जेवढी वीज घेते तेवढी जवळजवळ सगळी ते अखेरीस उष्णतेच्या रूपाने आपल्या भोवतालच्या हवेत टाकते. पाणी उपसणाऱ्या पंपाने खर्चिलेल्या विजेचा काही अंश उंचावर चढलेल्या पाण्यात साठून राहतो; आकडेमोडीच्या बाबतीत तसे काही साठत नाही, कारण बेरजेच्या उत्तराला वजनही नसते आणि उंचीही नसते. त्या उष्णतेला खोलीबाहेर कसे न्यावयाचे, या एका प्रश्नाभोवती या यंत्राच्या निवासाचा सारा इतिहास फिरत आला आहे. आणि आज तेच यंत्र लॅपटॉपच्या रूपाने घरातल्या कपाटात, पोटमाळ्यावर किंवा बंद खणात जाऊन बसले असताना तो इतिहास आठवणे अगत्याचे झाले आहे.

आपल्याकडील कचेऱ्यांना उकाड्याचा बंदोबस्त नवा नव्हता. इंग्रजी अमदानीत मामलेदाराच्या किंवा न्यायाधीशाच्या मस्तकावर छताला टांगलेला लांबरुंद कापडी पंखा दाराबाहेर बसलेला पंखेवाला दोरीने ओढीत असे, आणि उन्हाळ्यात दारांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडण्यात येई. खानदेशात, वऱ्हाडात आणि नागपुराकडे, जेथे चैत्र-वैशाखातील हवा कोरडी असते, तेथे ओल्या वाळ्यातून आलेला वारा खरोखरच थंड होई. मुंबईच्या दमट हवेत मात्र पाण्याची वाफ मुळातच मंदगतीने होत असल्यामुळे ही युक्ती फारशी उपयोगी पडत नसे. या सर्व योजना माणसासाठी होत्या. रुमालात बांधलेल्या दप्तराला गारव्याची गरज नव्हती; त्याला वाळवीपासून आणि ओलीपासून जपले म्हणजे पुरे होत असे.

हवा माणसाऐवजी वस्तूसाठी राखावयाची, ही कल्पना निराळ्या ठिकाणी जन्मास आली. १९०२ साली न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील एका छापखान्यात रंगीत छपाईचे काम हवेतील ओलाव्यामुळे बिघडत असे. एकाच कागदावर एकामागून एक रंग चढवावयाचे असता मधल्या वेळात कागद फुगे किंवा आकसे आणि रंग आपल्या जागेवरून सरकत. विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने हवेचे उष्णतामान व तिच्यातील ओलावा ही दोन्ही ताब्यात ठेवणारी योजना तेथे आखून दिली. आधुनिक वातानुकूलनाचा आरंभ असा कागदाच्या सोयीसाठी झाला ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने फार अर्थपूर्ण आहे. कारण छिद्रे पाडलेल्या जाड कागदाच्या पत्त्यांवर हिशेब ठेवणारी यंत्रे जेव्हा मोठ्या कचेऱ्यांतून आली, तेव्हा हाच प्रश्न त्यांच्याबरोबर आला. पावसाळ्यात ओल धरलेला पत्ता यंत्राच्या अरुंद फटीत अडकून बसे. अशा रीतीने विजेवर गणित करणारे यंत्र येण्यापूर्वीच त्याच्यासाठी हवा राखण्याचा पायंडा पडलेला होता.

ते यंत्र आले आणि उष्णतेचा प्रश्न एकदम अक्राळविक्राळ झाला. १९४६ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एनिॲक या यंत्राचे अनावरण झाले. त्यात सुमारे १८,००० निर्वात नलिका, म्हणजे आपल्याकडे रेडिओमुळे ज्यांना व्हॉल्व्ह हे नाव रूढ झाले त्या, बसवलेल्या होत्या. त्याचे वजन सुमारे ३० टन होते आणि ते सुमारे १५० किलोवॉट वीज घेई. व्हॉल्व्हचे कामच मुळी आतली तार लाल होईपर्यंत तापवून चालते, म्हणून त्याला उष्णतेपासून सोडवणे शक्य नव्हते. प्रचंड वातप्रवाहाने ती उष्णता बाहेर ढकलणे एवढेच हाती होते. प्रेस्पर एकर्ट या त्याच्या प्रमुख अभियंत्याने आणखी एक शहाणपण दाखवले: व्हॉल्व्हना त्यांच्या क्षमतेहून बऱ्याच कमी भारावर चालवून त्याने त्यांचे आयुष्य वाढवले. उष्णता बाहेर घालवण्याइतकेच ती मुळात कमी निर्माण करणेही महत्त्वाचे, हे त्याने पहिल्याच यंत्रात ओळखले, आणि पुढची साठ वर्षे या क्षेत्राने तेच सूत्र पुनःपुन्हा विसरून पुनःपुन्हा शिकावे असा योग होता.

आपल्या देशात पहिले अंकीय गणकयंत्र १९५५ च्या सुमारास कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत इंग्लंडहून आले. परंतु मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जे घडले ते अधिक विस्ताराने सांगण्यासारखे आहे, कारण तेथे यंत्र विकत न घेता घडवण्यात आले. होमी भाभांच्या त्या संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली काही तरुणांनी, ज्यांच्यापैकी बहुतेकांनी असे यंत्र पूर्वी कधी डोळ्यांनी पाहिलेही नव्हते, १९५६ पर्यंत एक छोटे प्रायोगिक यंत्र सिद्ध केले आणि १९६० च्या फेब्रुवारीत संपूर्ण यंत्र कार्यान्वित केले. १९६२ च्या जानेवारीत कुलाब्याच्या दक्षिण टोकाला, समुद्राच्या अगदी काठावर, संस्थेच्या नव्या वास्तूचे उद्घाटन करताना पंडित नेहरूंनी त्याचे टिफ्रॅक असे नामकरण केले. सुमारे २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक असा त्याचा संसार होता. १८ फूट लांब, ८ फूट उंच आणि अवघ्या अडीच फूट खोलीच्या पोलादी सांगाड्यात तो सारा बसवला होता, आणि त्या सांगाड्याला दोन्ही बाजूंनी पोलादी दारे होती.

या शेवटच्या वाक्याकडे वाचकाने किंचित थांबून पाहावे अशी माझी विनंती आहे. साधारण व्हॉल्व्हची तापतार ६.३ व्होल्टवर ०.३ अँपिअर वीज घेते, म्हणजे जवळजवळ २ वॉट. त्या हिशेबाने २,७०० व्हॉल्व्ह केवळ जागे ठेवण्यासाठी ५ किलोवॉटहून अधिक उष्णता, एकही गणित न करता, त्या बंद दारांच्या कपाटात अखंड निर्माण होणार. त्याच कपाटात जर्मेनियमचे डायोड बसलेले. जर्मेनियम हा पदार्थ उष्णतेच्या बाबतीत फार हळवा. उष्णतामान दर १० अंशांनी वाढले की त्यातून नको त्या दिशेने झिरपणारा विद्युत्प्रवाह सुमारे दुप्पट होतो. त्यामुळे अशा यंत्रात उष्णतेचा परिणाम केवळ भाग जळण्यापुरता मर्यादित राहत नाही. यंत्र चालू राहते आणि चुकीचे उत्तर देते, ही त्याहून गंभीर गोष्ट होय. जळालेला भाग दिसतो, झिरपलेला प्रवाह दिसत नाही. बाहेर मुंबईचा ज्येष्ठ महिना, समुद्रावरून येणारी खारट दमट हवा, आत धातूच्या हजारो जोडण्या: अशा स्थितीत खिडक्या उघडून वारा घ्यावा ही सोयही नव्हती, कारण तो वारा आपल्याबरोबर मीठ आणि ओल घेऊन येई. पडदे, बंद दारे आणि वातानुकूलित खोली ही त्या किनाऱ्यावर चैन खचित नव्हती. भारतीय संगणकविद्येच्या इतिहासात नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या तर्करचनेचे कौतुक योग्यच होते. परंतु ज्या तंत्रज्ञांनी त्या हवेत ते यंत्र वर्षानुवर्षे चालते ठेवले त्यांच्या कामगिरीची नोंदही तितक्याच आदराने व्हावयास हवी.

मुंबईला बंद खिडक्यांआड वस्तूसाठी हवा राखण्याचा अनुभव तसा जुना होता. गिरणगावातील विणकर-खात्यांत सूत तुटू नये म्हणून हवा मुद्दाम ओली ठेवीत आणि ती ओल निसटू नये म्हणून खिडक्या मिटलेल्या असत. त्या कोंदट उष्म्यात कामगार मात्र घामाने निथळत उभा असे. गणकयंत्राच्या खोलीत माणसाचे नशीब किंचित बरे होते. यंत्राला जो गारवा मिळे त्याचा लाभ त्यालाही होई, आणि पुष्कळांना तर ऐन मे महिन्यात लोकरीचे स्वेटर घालून रात्रपाळी करावी लागे. परंतु दोन्ही ठिकाणी हवेवरचा पहिला हक्क वस्तूचा होता, हे साम्य विसरता येत नाही.

१९६१ साली मुंबईतील एसो या तेलकंपनीने आयबीएम १४०१ हे यंत्र आणले आणि व्यापारी हिशेबासाठी संगणक वापरण्यास येथे प्रारंभ झाला. १९६४ साली टाटा संस्थेत सीडीसी ३६०० हे बलाढ्य अमेरिकन यंत्र बसले. व्हॉल्व्हच्या जागी ट्रान्झिस्टर आल्यामुळे प्रत्येक भागाची उष्णता पुष्कळ घटली, पण भागांची संख्या त्याहून वेगाने वाढत गेली, म्हणून खोलीचे महत्त्व कमी न होता वाढलेच. जमिनीपासून काही इंच उंचीवर दुसरी खोटी जमीन बसवावयाची, तिच्याखालून थंड हवा आणि तारा न्यावयाच्या, आणि यंत्राच्या पोटाखालच्या छिद्रातून ती हवा वर सोडावयाची, ही रचना याच काळात जगभर रूढ झाली. पादत्राणांची बंदीही याच काळाच्या ओघात आली. त्या वेळच्या चुंबकीय तबकड्या मोकळ्या असत, हातांनी काढता-घालता येत, आणि त्यांच्यावरून फिरणारी वाचनटोके तबकडीपासून इतक्या सूक्ष्म अंतरावर तरंगत की धुराचा कणसुद्धा त्या फटीत मावत नसे. रस्त्यावरची धूळ तेथे साक्षात विनाश करी. पुढे तबकड्या मोहोरबंद पेट्यांत गेल्या आणि ते कारण उरले नाही. तरी १९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर बँकांच्या शाखांतून संगणक शिरू लागले तेव्हा त्यांच्याबरोबर चपला काढण्याचा नियम जसाच्या तसा आला. नियमांचे आयुष्य त्यांच्या कारणांहून दीर्घ असावे यात नवल नाही. वाईट एवढेच झाले की नियमाचा जो भाग कालबाह्य झाला होता तो लोकांनी निष्ठेने पाळला, आणि जो भाग कायमचा सत्य होता, म्हणजे तापलेल्या हवेला बाहेर जाण्याची वाट हवी, त्याकडे पाहता पाहता दुर्लक्ष होत गेले.

महासंगणकांच्या शाखेविषयी येथे थोडक्यात सांगतो. सेमूर क्रे यांच्या १९७६ सालच्या क्रे-१ मध्ये सुमारे ११५ किलोवॉट उष्णता फ्रिऑन वायूच्या नळ्यांनी वाहून नेली जाई, आणि १९८५ च्या क्रे-२ मध्ये तर सर्व मंडले एका वीजरोधक द्रवात अक्षरशः बुडवून ठेवली होती. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली परम ८००० उभा केला तो अनेक लहान प्रक्रियक एकत्र जोडून. एकच प्रचंड तापट हृदय बनवण्यापेक्षा अनेक सौम्य हृदयांना कामाला लावणे, हे तत्त्व पुढे सर्वांनाच स्वीकारावे लागले.

दुसरीकडे यंत्र खोलीतून निघून मेजावर आले, आणि त्याबरोबर खोलीची सर्व कर्तव्ये एका लहानशा पेटीवर येऊन पडली. हे संक्रमण सुखाने झाले नाही. १९८० साली निघालेल्या ॲपल-३ या संगणकात पंख्याचा आवाज नको म्हणून पंखाच ठेवला नव्हता. ॲल्युमिनियमच्या बैठकीतूनच उष्णता निघून जाईल अशी अपेक्षा होती. ती पुरती फसली. यंत्र तापे, आतले भाग आपल्या खाचांतून सैल होत, आणि यंत्र दोन-तीन इंच उचलून मेजावर आपटावे म्हणजे ते भाग परत बसतील, असा सल्ला ग्राहकांना देण्यापर्यंत पाळी आली. १९८१ च्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकात पंखा होता, तो आवाज करी, आणि ते यंत्र टिकले. शांततेची आवड रास्त आहे. तथापि हवेचा हिशेब कोणत्याही अभिरुचीला सूट देत नाही, हे येथे प्रथम स्वच्छ दिसले.

१९८२ सालचा ग्रिड कंपास हा मिटता येणारा सुटसुटीत संगणक बिल मॉग्रिज यांच्या आरेखनातून साकारला. त्याचे कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे होते. ते हलके तर होतेच, शिवाय आतली उष्णता बाहेर पसरवण्याचे काम ते स्वतःच करी. अमेरिकेच्या अंतराळ संस्थेने हे यंत्र आपल्या अवकाशयानातून १९८३ साली नेले तेव्हा त्यात पंखा मुद्दाम बसवावा लागला. पृथ्वीवर तापलेली हवा हलकी होऊन आपोआप वर चढते आणि तिच्या जागी थंड हवा येते. वजनहीन अवस्थेत वर आणि खाली हा भेदच नसल्यामुळे तापलेली हवा जेथल्या तेथे यंत्राला लपेटून राहते. बंद जागेतील संगणकाचा विचार करणाऱ्याने हे उदाहरण नीट ध्यानात ठेवावे. ज्या कपाटाला खाली फट नाही आणि वर झरोका नाही, तेथे गुरुत्वाकर्षण असूनही हवा तेवढ्याच जागेत गोल फिरत राहते आणि परिणाम त्याच दिशेचा होतो.

पुढील लॅपटॉपमध्ये प्रक्रियकापासून कडेच्या पंख्यापर्यंत तांब्याची चपटी नळी जाऊ लागली. तिच्यात थोडेसे द्रव असते. गरम टोकाशी त्याची वाफ होते, थंड टोकाशी ती पुन्हा द्रव होऊन आतल्या जाळीतून माघारी येते, जशी भाताच्या पातेल्यातील वाफ झाकणाला लागून पाणी होऊन खाली ठिबकते. या नळीचा आधुनिक अवतार १९६३ साली लॉस अलामोस येथे जॉर्ज ग्रोव्हर यांनी अवकाशातील उपयोगासाठी सिद्ध केला होता. तो १९९० च्या दशकात आपल्या मांडीवर आला. त्याच सुमारास प्रक्रियकांचा वेग आणि त्यांची उष्णता दोन्ही अनावर वाढू लागली होती. २००४ साली इंटेलने निव्वळ वेग वाढवण्याच्या मार्गावरचे आपले काही बेत उष्णतेपायी रद्द केले. त्या वेळी उपयोगी पडली ती इस्रायलमधील हैफा येथे लॅपटॉपसाठी घडवलेली, २००३ सालच्या पेंटियम-एमची काटकसरी रचना. २००६ पासून तिच्याच वंशजांनी मेजावरच्या संगणकांचाही ताबा घेतला. अरुंद पेटीत जगण्याच्या सक्तीतून उपजलेला संयम मोकळ्या जागेतील यंत्रांना शिकावा लागला. एकर्टचा जुना धडा तो हाच.

मात्र लॅपटॉपने आपली खोली स्वतःबरोबर आणली नाही, ही गोष्ट आपण विसरलो. त्याचा पंखा उष्णता पेटीबाहेर टाकतो, आणि तेथून पुढची जबाबदारी भोवतालच्या जागेवर सोपवतो. २०२० च्या टाळेबंदीत मुंबई-पुण्याच्या लहान घरांतून हजारो माणसांनी कपाटाच्या खणाला, जिन्याखालच्या कोनाड्याला कचेरी केले. तलाठ्याच्या सज्जातही तत्पूर्वीच दप्तराच्या कपाटाशेजारी लॅपटॉप येऊन बसला होता. आता हिशेब पाहा. ६० सेंटिमीटर रुंद, ५० खोल आणि ४० उंच अशा खणात अवघी १४० ग्रॅम हवा मावते. ४० वॉट उष्णता टाकणारा लॅपटॉप त्यात ठेवून दार लावले आणि फळ्यांनी काहीच शोषले नाही असे धरले, तर ती हवा दर साडेतीन-चार सेकंदांना एक अंश तापेल. फळ्या शोषतात म्हणून प्रत्यक्षात वेग मंदावतो. तरी बाहेरून सर्व बाजूंना मोकळी हवा असलेल्या बंद लाकडी खणाचे उष्णतामान बाहेरच्यापेक्षा सुमारे १० अंश वर जाऊन स्थिरावते, आणि भिंतीत बसवलेल्या, केवळ दाराच्या बाजूस मोकळी हवा असलेल्या खणात ही वाढ त्याच्या दुपटी-तिपटीवर जाते. नागपूरच्या मे महिन्यात खोलीतच ४० अंश असतील, तर त्या खणात काय होईल ते सांगावयास नको. यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी प्रथम आपला वेग कमी करते, आणि मालक त्याला म्हातारे झाले असे समजून नवे घेण्याच्या विचाराला लागतो.

हवा ५ अंशांहून अधिक तापू द्यावयाची नसेल, तर ४० वॉटसाठी सेकंदाला सुमारे ७ लिटर हवा खणातून वाहिली पाहिजे. केवळ तापलेल्या हवेच्या चढण्यावर विसंबावयाचे तर खाली आणि वर, खणाच्या पूर्ण रुंदीभर, सुमारे ८ सेंटिमीटरची फट लागते; सुतार हौसेने पाडून देतो ती चार गोल भोके या कामाला मुळीच पुरत नाहीत. तेवढी फट देणे शक्य नसेल तर १२ सेंटिमीटर व्यासाचा एक साधा पंखा वरच्या बाजूस, हवा बाहेर ओढणारा, बसवावा. तो सेकंदाला २० लिटरांहून अधिक हवा सहज हलवतो, आणि मग खालची फट अर्ध्याहून लहान चालते. लॅपटॉप गादीवर किंवा दुलईवर ठेवू नये, कारण त्याच्या पोटाखालची छिद्रे बुजतात; त्याची कड ज्या बाजूने गरम हवा टाकते ती बाजू फळीला टेकवू नये; आणि विदर्भात पाण्याच्या कूलरचा झोत थेट त्याच्यावर घेऊ नये, कारण तो वारा थंड असला तरी ओला असतो.

कॅरियरच्या छापखान्यापासून टिफ्रॅकच्या पोलादी दारांपर्यंत ज्यांनी यंत्रांसाठी जागा बांधल्या त्यांनी हवा कोठून येणार आणि कोठे जाणार हे भिंती उभ्या करण्यापूर्वी ठरवले होते. घरात नवे कपाट करवून घेताना लांबी, रुंदी आणि सनमायकाचा रंग यांची चर्चा तासन्‌तास होते. त्याच कागदावर खालची फट, वरची फट आणि पंख्याच्या तारेसाठी छिद्र एवढ्या तीन ओळी सुताराला लिहून द्याव्यात. काम सुरू होण्यापूर्वी त्यांना खर्च जवळजवळ पडत नाही, आणि नंतर फळी कापून घ्यावी लागते.